हवालदार, मॅजिस्ट्रेट आणि रुग्ण

1858 साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्याच वर्षी वेडाविषयी तीन कायदे पाठोपाठ झाले, हे मात्र वकिलांनाही सहसा ठाऊक नसते. त्या वर्षाचा 34वा कायदा कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठी होता, 35वा मोफसिलातल्या जिल्हा कोर्टांसाठी आणि 36वा वेड्यांच्या इस्पितळांसाठी. पहिले दोन्ही मुळात इस्टेटीचे कायदे. घरातला कर्ता पुरुष भ्रमिष्ट झाला तर कोर्टाने चौकशी करायची आणि तो खरोखर वेडा ठरला तर त्याच्या जमीनजुमल्यावर कुणाला तरी नेमायचे, म्हणजे वहिवाट थांबणार नाही आणि सावकारही अडणार नाही. तिसरा कायदा ज्याच्यापाशी काहीच नाही, पण जो रस्त्यावर भटकतो, त्याच्यासाठी. आपल्या हद्दीत असा माणूस दिसला की त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे पाठवणे हे त्यात पोलीस दारोग्याचे कर्तव्य ठरवले होते. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या मदतीने खात्री करून घ्यायची आणि इस्पितळात धाडण्याचा हुकूम द्यायचा. श्रीमंताच्या वेडात सरकारला मालमत्ता दिसली आणि गरिबाच्या वेडात बंदोबस्त. माणसाला आजार झाला आहे, त्याला बरे व्हायचे आहे, त्याचे स्वतःचे काही म्हणणे असू शकते, यातले काहीही तिन्ही कायद्यांच्या गाभ्यात नव्हते.

वसाहतीच्या सरकारने असे कायदे करावेत यात नवल नाही. इंग्लंडातही तेव्हा याहून फार निराळे चालत नव्हते. नवल याचे की ही घडण स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ जशीच्या तशी टिकली आणि तिला खरा धक्का बसायला 2017 साल उजाडावे लागले. एवढा उशीर का झाला? सरकारचा निष्ठुरपणा, पैशाची चणचण, समाजातली भीती ही उत्तरे नेहमी दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण एक कारण सहसा सांगितले जात नाही. हा विषय कायदा शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी कधी आपला मानलाच नाही. जेव्हा मानला, तेव्हाच कायद्याची भाषा बदलली, आणि त्या बदलात पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे.

आधी ही घडण किती चिवट होती ते पाहू. त्यासाठी एकच कलम चार कायद्यांतून तपासले तरी पुरे. 1858च्या कायद्यातला दारोगा 1912च्या ‘इंडियन लूनसी अ‍ॅक्ट’मध्ये पोलीस ठाण्याचा अंमलदार झाला. कलम 13 प्रमाणे भटकणाऱ्या वेड्याला तो अटक करू शकत होता, आणि माणूस धोकादायक वाटला तर अटक करणे त्याला भागच होते. चोराला लावायचा तोच शब्द. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 मध्ये ‘अटक’ जाऊन ‘संरक्षणात घेणे’ आले. 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचे ही अट आली. पण वाट तीच राहिली: रस्ता, ठाणे, कोर्ट, इस्पितळ. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 मध्ये ही वाट पहिल्यांदा वळवली गेली. पोलिसाने त्या माणसाला का नेतो आहोत ते सांगायचे, 24 तासांच्या आत कोर्टात नव्हे तर जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. माणूस बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम. पोलीस आहेच, पण त्याच्या हातातला कागद बदलला. एका कलमाला एवढे अंतर कापायला 159 वर्षे लागली.

मधल्या काळात इस्पितळे उभी राहिली ती या कायद्यांच्या साच्यातच. मुंबईत कुलाब्याला जुने इस्पितळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर आणि रत्नागिरीला, तर विसाव्याच्या सुरुवातीला ठाणे आणि येरवड्याला इस्पितळे झाली. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आजही हीच आहेत. उंच भिंती, लांबलचक बराकी, एकच मोठे फाटक. पुण्यात तर मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह एकाच येरवड्यात आहेत. त्यामुळे ‘याला आता येरवड्याला पाठवा’ असे कुणी म्हटले की दोहोंपैकी कुठे, हा प्रश्नच उरतो. 1946 साली भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा जो आढावा घेतला, त्यात मनोरुग्णालयांची पाहणी कर्नल मूर टेलर यांनी केली होती. 40 कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम 10,000 खाटा होत्या. म्हणजे 40,000 माणसांमागे एक खाट. इंग्लंडमध्ये तेव्हा 300 माणसांमागे एक होती. मूर टेलर यांचा शेरा खाटांच्या संख्येवर थांबला नाही. यातल्या बहुतेक इमारती माणसाला अडकवून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, बरे करण्याचा विचार त्यात नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. इमारती कायद्याशी प्रामाणिक होत्या, असे म्हणायला हवे. दारोगा, मॅजिस्ट्रेट आणि सुपरिंटेंडेंट यांच्यासाठी लिहिलेल्या कायद्यातून दुसऱ्या कोणत्या इमारती निघणार?

आता त्या काळात कायद्याच्या वर्गात वेडाविषयी काय शिकवले जात होते? दंडसंहितेचे कलम 84: कृत्य करताना बुद्धिभ्रंशामुळे त्याचे स्वरूप कळत नसेल तर तो गुन्हा नाही. त्यामागे 1843च्या मॅकनॉटन खटल्यातले नियम. करार कायद्याचे कलम 12: करार करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असावे. विवाहकायदा आला तेव्हा त्यात ‘अनसाउंड माइंड’ हे घटस्फोटाचे कारण म्हणून. आणि वैद्यकशास्त्राशी ओळख जयसिंग मोदी यांच्या 1920पासून गाजत आलेल्या ‘मेडिकल ज्युरिस्प्रूडन्स’च्या ग्रंथातून. त्यात विष, जखमा, मृत्यूची वेळ यांच्याबरोबर वेडावर एक प्रकरण. म्हणजे विद्यार्थ्याला वेडा भेटायचा तो आरोपी म्हणून, करार मोडू पाहणारा पक्षकार म्हणून किंवा टाकायची बायको म्हणून. कोर्टात साक्ष देणाऱ्या डॉक्टरला काय विचारायचे ते त्याला शिकवले जाई. पण ज्या माणसाला गुन्हा न करता, खटला न चालता वर्षानुवर्षे कोंडून ठेवले आहे त्याला स्वातंत्र्याचा हक्क आहे का, हा प्रश्न राज्यघटनेच्या तासालाही येत नसे. अभ्यासक्रमात जे नाही त्यावर प्रबंध होत नाहीत. प्रबंध नाहीत म्हणून युक्तिवाद नाहीत. आणि युक्तिवाद नाहीत म्हणून विधेयकाचा मसुदा करणाऱ्या बाबूपुढे जुन्या कायद्याची प्रत सोडून दुसरा नमुनाच नसतो.

ही पोकळी डॉक्टरांनी भरायचा प्रयत्न केला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने 1950 सालीच नव्या कायद्याचा मसुदा तयार केला होता. तो कायदा व्हायला 1987 आणि अमलात यायला 1993चा एप्रिल उजाडला. पण त्या कायद्यावर व्यवसायाचा ठसा पक्का दिसतो. मनोरुग्णालयांचे आणि नर्सिंग होमचे परवाने, तपासनीस, दाखल करण्याचे प्रकार यांची त्यात सविस्तर तरतूद आहे. रुग्णाशी क्रौर्याने वागू नये असे एक कलम आहे, ते चांगले आहे. पण नातेवाइकाचा अर्ज आणि दोन वैद्यकीय दाखले एवढ्यावर माणसाला 90 दिवसांपर्यंत ठेवता येत होते आणि त्याला कोर्टाची गरज नव्हती. इस्टेटीच्या चौकशीचे प्रकरण 1858 सालातून 1912मध्ये आणि 1912मधून 1987मध्ये जवळपास तसेच उतरले. डॉक्टरने कायदा लिहिला तर त्यात डॉक्टरचे काम नीट मांडले जाते. रुग्णाच्या बाजूने कुणी लिहायचे ते मोकळेच राहते.

इथे कुणी म्हणेल की बदल कोर्टांनी आणि पत्रकारांनी घडवला, विधी महाविद्यालयांचा इथे काय संबंध? आक्षेप वजनदार आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993च्या ऑगस्टमध्ये ठरवले की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत तशी कितीतरी माणसे होती. सरकारी भाषेत ती ‘नॉन-क्रिमिनल लूनॅटिक’. 1999 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 37 मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली आणि कोठड्या, उघडी न्हाणीघरे, वर्षानुवर्षे घरी न गेलेली माणसे यांचे चित्र देशापुढे मांडले. 6 ऑगस्ट 2001ला तमिळनाडूत एरवाडी इथल्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जणांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आसामात मचल लालुंग नावाचा माणूस 1951मध्ये पकडला गेला, मनोरुग्णालयात गेला, बरा झाला, तिथून तुरुंगात गेला आणि 2005मध्ये सुटला. 54 वर्षे, खटला नाही. हे सगळे वर्तमानपत्रे, आयोग आणि न्यायालये यांनीच उजेडात आणले.

पण या घटना पुन्हा एकदा क्रमाने पाहा. निकाल 1993चा, आग 2001ची. मचल लालुंग निकालानंतर 12 वर्षे आतच होता. न्यायालय माणसाला सोडू शकते, साखळ्या काढायला सांगू शकते, राज्यांकडून प्रतिज्ञापत्रे मागवू शकते. पण प्रत्येक हुकूम शेवटी त्याच जुन्या कायद्याच्या फाटकाशी येऊन थांबतो, कारण माणसाला आत घेण्याचे अधिकार त्या कायद्यानेच दिलेले असतात. न्यायालय अन्याय ओळखते. त्याच्या जागी काय हवे हे कलमवार लिहून देणे हे त्याचे काम नाही, आणि याचिका करणाऱ्या पत्रकाराचेही नाही. त्यासाठी कुणीतरी आधीचे सगळे निकाल वाचलेले असावे लागतात, इतर देशांचे कायदे शेजारी ठेवून पाहिलेले असावे लागतात आणि शब्दांवर वर्षानुवर्षे वाद घातलेला असावा लागतो. हे काम पहिल्यांदा पद्धतशीर केले ते कायद्याच्या एका अध्यापिकेनेच. अमिता धांडा यांचा ‘लीगल ऑर्डर अँड मेंटल डिसऑर्डर’ हा ग्रंथ 2000 साली आला. फौजदारी, दिवाणी, वैवाहिक, सगळ्या शाखांतून मनोरुग्णाशी कायदा कसा वागतो याची इतकी सलग झडती भारतात आधी कुणी घेतली नव्हती. त्यानंतर या विषयावर ढोबळ बोलण्याची सोय उरली नाही.

पुण्याची गोष्ट इथून पुढची. इंडियन लॉ सोसायटी 1923ची आणि तिचे कॉलेज 1924चे, टेकडीच्या पायथ्याशी. त्याच्यावरून अख्ख्या रस्त्याला लॉ कॉलेज रोड नाव पडले. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे, धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक. कॉलेजची ख्याती न्यायमूर्ती आणि वकील घडवणारे अशी. आरोग्याशी त्याचा संबंध असण्याचे काही कारण नव्हते. 2007 साली याच सोसायटीत मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण यांचे केंद्र निघाले, तेव्हा त्यामागची जोडी महत्त्वाची होती: मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे आणि कायद्याच्या प्राध्यापिका जया सागडे, ज्यांचे आधीचे काम बालविवाहाच्या कायद्यावर होते. केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मानसिक आरोग्य, मानवी हक्क आणि कायदा यांचा आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रम सुरू केला. ज्या विषयाला एलएल.बी.च्या वर्गात अर्धा तासही मिळत नव्हता, त्याच्यासाठी पूर्ण पदविका. त्याच सुमारास, 1 ऑक्टोबर 2007ला, भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याचा बारावा अनुच्छेद म्हणतो की अपंग माणसालाही कायद्यापुढे निर्णय घेण्याची क्षमता इतरांइतकीच आहे. 1987चा कायदा या वाक्यापुढे टिकणारा नव्हता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नव्या मसुद्यासाठी मदत घेतली ती पुण्याच्या या केंद्राची, आणि 2010पासून मसुदे, सल्लामसलती, पुन्हा मसुदे असा प्रवास सुरू झाला. विधेयक 2013मध्ये राज्यसभेत मांडले गेले, ऑगस्ट 2016मध्ये तिथे मंजूर झाले आणि 27 मार्च 2017ला लोकसभेतही.

करार नसता तर हे झाले असते का? बहुधा नसते. संसदेच्या स्थायी समितीने, मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी, रुग्णांच्या संघटनांनी त्यात भर घातली आहे आणि पुण्याला एकट्याला श्रेय देणे हा पुणेरीपणा होईल. पण करार तत्त्व सांगतो, कलम लिहून देत नाही. ‘क्षमता’ म्हणजे काय? 2017च्या कायद्याचे कलम 4 उत्तर देते. उपचाराविषयीची माहिती माणसाला समजते का, निर्णयाचा परिणाम काय होईल हे त्याला उमगते का, आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही सांगू शकतो का. यात रोगाच्या नावाला जागा नाही. स्किझोफ्रेनिया आहे म्हणजे निर्णय घेता येत नाही, असे आता डॉक्टरला म्हणता येत नाही. त्याला या विशिष्ट निर्णयापुरते, या वेळेपुरते तपासावे लागते. त्यातूनच पुढची कलमे निघाली: बरे असताना लिहून ठेवायचे आगाऊ निर्देश, आपल्या पसंतीचा प्रतिनिधी, सरकारी खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क, साखळ्यांना बंदी. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे उलट सिद्ध होईपर्यंत धरायचे. चारचौघांहून वेगळे वागणे, राजकीय मते किंवा जातिधर्म यांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचे नाही. ही भाषा इस्पितळातून आलेली नाही आणि पोलीस ठाण्यातूनही नाही. ती वर्गातली आहे. शब्दाचा कीस काढण्याची जी सवय बाहेर टिंगलीचा विषय होते, तिचा इथे उपयोग झाला.

मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या विधेयकाला जोरदार विरोध केला. आगाऊ निर्देश आपल्याकडे कोण लिहिणार? भूल न देता द्यायच्या विजेच्या झटक्यांवर बंदी आणली, तर भूलतज्ज्ञ नसलेल्या तालुक्याच्या गावी तातडीच्या रुग्णाचे काय? आणि भारतात रुग्णाला सांभाळते ते कुटुंब. त्याला ‘प्रतिनिधी’ नावाच्या कागदी माणसाच्या मागे ढकलणे ही पाश्चात्त्य नक्कल नाही काय? यातला दुसरा मुद्दा खरा अडचणीचा आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात नाही. तालुक्याला भूलतज्ज्ञ नेमणे हेच त्याचे उत्तर. कुटुंबाविषयीचा मुद्दा मात्र अर्धवट आहे. बहुतेक वेळा रुग्ण घरच्यांनाच प्रतिनिधी नेमेल आणि नेमले नाही तर कायदा क्रमाने नातेवाइकांकडेच जातो. अडचण फक्त त्या घरांची, जिथे सून किंवा हिस्सा मागणारा भाऊ ‘वेडा’ ठरवणे सोयीचे असते. त्या घरांना 90 दिवसांची मोकळीक देणारा जुना कायदा भारतीय संस्कृतीचे रक्षण करत होता, असे म्हणणे धाडसाचे आहे.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तोही पुण्यातूनच आला. बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर सतत सांगत राहिल्या की संमतीशिवाय दाखल करण्याची सोय ठेवणारा कोणताही कायदा संयुक्त राष्ट्रांच्या कराराशी जुळत नाही, मग त्याला ‘साहाय्यित प्रवेश’ असे गोड नाव दिले तरी. 2017च्या कायद्याच्या कलम 89 प्रमाणे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर 30 दिवसांपर्यंत माणसाला ठेवता येते. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. दावर यांचे म्हणणे तर्काला धरून आहे हे मान्य करावे लागते. माझा कल तरीही या कायद्याकडे आहे, कारण स्वतःचा जीव घ्यायला निघालेल्या माणसाला थांबवणारी कोणतीच सोय नको म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा घरच्यांच्या आणि भगताच्या हाती सोपवणे. पण कलम 89 किती वेळा आणि कुणाविरुद्ध वापरले जाते याचा हिशेब ठेवणे हे संशोधनाचे काम आहे, आणि विधी महाविद्यालयांनी ते हाती घेतले नाही तर दावर बरोबर ठरतील.

मसुदा करणाऱ्यांची एक मोठी चूकही इथेच नोंदवायला हवी. 2017च्या कायद्यातून इस्टेटीच्या चौकशीचे प्रकरणच गेले. तत्त्व म्हणून ते बरोबर होते, कारण माणसाला वेडा ठरवून त्याची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देण्याचा तो जुना दरवाजा होता. पण अपघातानंतर कोमात गेलेल्या माणसाच्या बायकोला बँकेतून त्याचे पैसे काढायचे असतील तर तिने जायचे कुठे? 2016च्या अपंग हक्क कायद्यातले मर्यादित पालकत्व तिच्या फारसे उपयोगी पडत नाही. अशी प्रकरणे उच्च न्यायालयांपुढे रिट याचिका म्हणून येऊ लागली. केरळ उच्च न्यायालयाने 2019मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात कोमातल्या रुग्णासाठी पालक नेमण्याची पद्धत निकालातूनच घालून दिली. कोर्टाने राजासारखे पालक व्हायचे हा जुना सिद्धांत त्यासाठी पुन्हा बाहेर काढावा लागला. एखादी जुनी चुकीची तरतूद रद्द करताना तिच्या पोटात असलेली खरी गरज कुठे जाणार हे कलम लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते, आणि हे पाहायला इस्पितळ नव्हे, दिवाणी कायद्याचे ज्ञान लागते. म्हणजे ही चूक विधी महाविद्यालयाच्या वाट्याचीच.

राहिला नेहमीचा प्रश्न, कागदावरच्या कायद्याने काय होते? 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार दर दहा प्रौढांमागे एकाला कसला ना कसला मानसिक विकार होता, आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना होते. एका कायद्याने हे भरून निघत नाही. पण तो कागदावरच राहिला असेही नाही. मे 2018मध्ये कायदा अमलात आला आणि ऑगस्टमध्येच विमा नियामकाने कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायला सांगितले. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे कलम 309 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच एक कलम ठेवले आहे. महाराष्ट्रात मात्र राज्याचे मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि पुनरावलोकन मंडळे नीट चालावीत म्हणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

ती मंडळे हाच या कायद्याचा कणा आहे. अध्यक्ष आजी-माजी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदाला पात्र न्यायाधीश. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन सदस्य असे, जे स्वतः मानसिक आजारातून गेलेले आहेत, किंवा अशांची काळजी घेणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी आहेत. ज्याच्याविषयी कोर्टाने निर्णय द्यायचा, तो आता निर्णय देणाऱ्यांच्या बाकावर बसू शकतो. दारोग्याच्या आणि मॅजिस्ट्रेटच्या कायद्यात हे सुचलेही नसते. पण अध्यक्षस्थानी बसलेल्या न्यायाधीशांनी एलएल.बी. केली ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. त्यांच्या वर्गात कलम 84, करारातले ‘अनसाउंड माइंड’ आणि मोदींचे एक प्रकरण याहून अधिक काही नव्हते. आज त्यांच्या जागी जे विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांना आरोग्यकायदा भेटतो तो ऐच्छिक विषय म्हणून, तोही कॉलेजला तो शिकवणारा माणूस मिळाला तर.